धाव ते टायर : ओझं कुणी वाहिलं?



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आता ताई काय सांगायला लागल्या! पापड, शेळीपालन, परसबाग, कर्जाचे हप्ते हे सगळं सोडून आज आम्ही टायरविषयी बोलणार आहोत. पण विषय आमच्या डोक्यातून आलेला नाही, तो तुमच्याच बैठकांमधून आलाय. आपल्यापैकी बऱ्याच गटांनी आणि ग्रामसंघांनी चार-पाच वर्षांपूर्वी छोटी मालगाडी घेतली. कुणी भाजी नेतं, कुणी दुधाचे कॅन, कुणी डाळमिलची पोती. सगळेजण कौतुकानं तिला 'छोटा हत्ती' म्हणतात. आता त्या हत्तीचे पाय झिजलेत. चारही टायर बदलायचे म्हटलं की बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, नवे घ्या. दुसरा म्हणतो, कशाला एवढा खर्च, जुने किंवा रिमोल्ड केलेले टायर निम्म्याहून कमी पैशांत मिळतात. आणि शेवटी काय होतं? 'दुकानदाराला विचारा, त्याला कळतं,' असं म्हणून विषय संपतो.

पैसा गटाचा, गाडी गटाची, गाडीतून जाणार आपला माल. मग निर्णय दुकानदाराच्या हाती का द्यायचा? टायरच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं. आपल्या आज्या हातावर गोंदून घ्यायच्या, तशी टायरच्या बाजूवर अक्षरं आणि आकडे उठवलेले असतात. त्यातल्या प्रत्येक खुणेमागे इतिहास आहे. तो समजला की खूण वाचता येते, आणि खूण वाचता आली की फसवणूक होत नाही. म्हणून आज थोडं मागं जाऊया.

आपल्या बैलगाडीपासून सुरुवात करू. चाक लाकडाचं. ते सुतारानं करायचं. मधे आस, आसाभोवती आरे आणि बाहेरचा गोल. त्या गोलावर लोहार लोखंडी पट्टी चढवायचा, तिला आपण 'धाव' म्हणतो. आपल्यापैकी चाळिशीपुढच्या कितीतरी जणींनी धाव चढवताना पाहिली असेल. पट्टी चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईस्तोवर तापवायची. तापली की लोखंड फुगतं. मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. थंड होताना पट्टी आवळते आणि सगळे लाकडी सांधे घट्ट धरून ठेवते. ही धाव म्हणजेच जुना टायर. काम मोठ्या हुशारीचं, पण धावेला दोन खोडी होत्या. तिच्यात लवचीकपणा नव्हता, त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक दगडाचा धक्का गाडीला, माणसाला आणि बैलाच्या मानेला बसायचा. आणि ओल्या रानात ती मातीत रुतायची.

आता रबराकडे येऊ. रबर म्हणजे एका झाडाचा चीक. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले मूळचे लोक हजारो वर्षांपासून तो चीक वापरत होते. त्याचे चेंडू करत, कापडाला लावून पाणी अडवत. युरोपात रबर गेलं तेव्हा एक अडचण आली. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होऊन वितळायचं आणि थंडीत कडक होऊन तडकायचं. त्याचं करायचं काय?

ह्याचं उत्तर अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर नावाच्या माणसाला १८३९ साली सापडलं. रबरात गंधक मिसळून ते तापवलं की ते उन्हातही टिकतं आणि थंडीतही. असं सांगतात, की हे मिश्रण चुकून तापलेल्या शेगडीवर पडलं आणि त्यातून शोध लागला. शोध चुकून लागला असेल, पण त्यामागची वर्षानुवर्षांची खटपट चुकून झालेली नव्हती. ती खटपट घरातच, चुलीपाशी, भांडीकुंडी वापरून चालायची. कर्जापायी माणूस तुरुंगात जाऊन आला. घरातल्या वस्तू विकाव्या लागल्या. काही मुलं लहानपणीच गेली. त्यांच्या बायकोचं नाव क्लॅरिसा. इतिहासाच्या पुस्तकात तिच्या वाट्याला एखादी ओळ येते, पण त्या शोधाचा खर्च तिच्या संसारानं भरला. १८४४ साली गुडइयरना पेटंट मिळालं, तरी १८६० साली ते वारले तेव्हा डोक्यावर मोठं कर्ज होतं. आज त्यांच्या नावाची जी टायर कंपनी आहे ती १८९८ साली, म्हणजे त्यांच्या मागे अडतीस वर्षांनी, दुसऱ्याच लोकांनी काढली. नाव फक्त मानानं ठेवलं.

पुढची पायरी हवेची. रबरी नळीत हवा भरून ती चाकाला बसवायची, ही कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाची. त्यानं १८४५ साली पेटंट घेतलं. घोडागाडीला ती चाकं लावून लंडनमध्ये दाखवलीही. पण तेव्हा ना मोटार होती, ना आजच्यासारखी सायकल. गरज नव्हती, म्हणून लोक विसरले. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर करून लावले. त्यांना थॉमसनची माहितीही नव्हती. पेटंट मिळालं, पण दोन वर्षांत रद्द झालं, कारण मूळ कल्पना आधीच नोंदलेली होती. पुढं १८९१ साली फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी सायकलचा असा टायर काढला, की पंक्चर झाल्यावर तो सोडवून दुरुस्त करता येईल. त्याआधी टायर रिमला डिंकानं चिकटवलेला असायचा. पंक्चर काढायला तासन् तास लागायचे.

हवेच्या टायरमुळे सायकल सोपी झाली आणि सायकलवर बाया बसल्या. हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. १८९० नंतर युरोप-अमेरिकेत बाया सायकलवरून एकट्या बाहेर पडू लागल्या. त्यावर टीकाही भरपूर झाली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी यांनी तर म्हटलं होतं, की बायांच्या मुक्तीसाठी सायकलनं जेवढं केलं तेवढं दुसऱ्या कशानंही केलेलं नाही. आपल्या देशात तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबर बायांना सायकल शिकवली गेली. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीताई अशा हजारो जणी शिकल्या. आणि आपल्याकडेही लांबून शाळेत येणाऱ्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात, हे तुम्हाला माहीत आहेच. दोन चाकांत हवा भरली आणि आठवीची मुलगी दहावीपर्यंत पोचली, असं आपल्या कितीतरी गावांत घडलंय.

पण ह्याच इतिहासाची दुसरी बाजू फार काळी आहे. ती झाकून ठेवणं बरं नाही.

सायकली आणि मग मोटारी वाढल्या तशी रबराची मागणी प्रचंड वाढली. आफ्रिकेतल्या काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या. १८८५ पासून तो सगळा मुलूख बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता. हो, एका माणसाची. गावागावाला चिकाचा ठरावीक कोटा घालून दिला जाई. पुरुषांनी जंगलात जावं म्हणून त्यांच्या बायकांना धरून कोंडून ठेवत. कोटा भरला तरच बायको सुटायची. कितीतरी जणी त्या कोंडवाड्यात उपाशी मेल्या. कोटा भरला नाही तर माणसं मारली जात, हात तोडले जात.

हे जगाला कसं कळलं? त्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. ॲलिस सीली हॅरिस नावाची इंग्रज मिशनरी बाई तिथं राहत होती आणि तिच्याजवळ कॅमेरा होता. १९०४ साली एन्साला नावाचा एक बाप तिच्याकडे आला. त्याच्या हातात त्याच्या पाच वर्षांच्या लेकीचा तुटलेला हात आणि पाय होता. पोरीचं नाव बोआली. ॲलिसनं त्या बापाचा फोटो काढला. ते फोटो इंग्लंड-अमेरिकेत सभांमधून पडद्यावर दाखवले गेले. लोक हादरले. त्याच वर्षी रॉजर केसमेंट या ब्रिटिश अधिकाऱ्याचा अहवालही आला. शेवटी १९०८ साली राजाच्या हातून काँगो काढून घ्यावा लागला.

मैत्रिणींनो, बायांना ओलीस ठेवून जमवलेल्या त्या रबरावर सुरुवातीच्या काळातली किती चाकं फिरली असतील! टायर काळा दिसतो तो काजळीमुळे. रबरात काजळी घातली की ते कितीतरी पटीनं झिजायला टिकाऊ होतं, हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सर्रास वापरात आलं. त्याआधीचे टायर पांढुरके असायचे. आम्हाला वाटतं, त्या पांढऱ्या टायरांवरचा डाग कुठल्याच काजळीनं झाकला जाणार नाही.

काँगोतली लूट थांबायला आणखी एक कारण झालं, ते म्हणजे रबराची लागवड. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं ब्राझीलमधून रबराचं सुमारे ७०,००० बी लंडनच्या क्यू बागेत नेलं. त्यातलं थोडंच उगवलं. ती रोपं श्रीलंका, सिंगापूर अशी फिरत मलायात पोचली. तिथल्या मळ्यांवर काम करायला तामिळ कुटुंबं नेली गेली, त्यात बायाही होत्या. पहाटे उठून झाडाच्या सालीवर तिरकी खाच पाडायची, खाली वाटी लावायची, ऊन चढायच्या आत चीक गोळा करायचा. हे काम आजही तसंच हातानं होतं. आपल्या देशात केरळमध्ये पेरियार नदीकाठी तट्टेकाड इथं १९०२ साली पहिली व्यापारी लागवड झाली. आता गोव्यात आणि आपल्या सिंधुदुर्गातही रबराचे मळे आहेत. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या मैत्रिणींनी वाटीत पडणारा तो पांढरा चीक पाहिला असेल. १९४७ साली रबराचा कायदा झाला आणि कोट्टायमला मुख्य ठाणं असलेलं रबर बोर्ड उभं राहिलं.

टायरचे कारखानेही आपल्याकडे आले. बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज इथं १९३६ साली डनलॉपचा कारखाना निघाला. मद्रासमध्ये १९४६ साली फुगे बनवणारं एक छोटं शेड होतं, त्यातूनच पुढं एमआरएफ झाली. सीएट ही मूळची इटलीची, ती १९५८ साली मुंबईत आली.

आणि मग रबर आपल्या बैलगाडीला लागलं. साखर कारखान्यांच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांमध्ये 'डोकी सेंटर', 'गाडी सेंटर' आणि 'टायर सेंटर' असे प्रकार आहेत. टायर सेंटर म्हणजे रबरी टायरच्या गाडीनं ऊस वाहणारे. बीडकडच्या आमच्या कितीतरी मैत्रिणी नवऱ्याबरोबर 'एक कोयता' म्हणून मोजल्या जातात. ती दोन माणसं, पण हिशेबात कोयता एकच. टायरमुळे गाडी हलकी ओढली जाते, हे खरं. पण झालं काय? गाडी हलकी झाली म्हणून बैलाला विसावा मिळाला नाही, बायांचंही काम कमी झालं नाही. हलकी ओढते म्हटल्यावर गाडीत जास्त ऊस भरला जाऊ लागला. सोय झाली की ओझं वाढतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्या छोट्या हत्तीच्या बाबतीतही नेमकं हेच होतं. 'टायर मजबूत आहेत, भरा अजून चार पोती!'

आता आपण टायरच्या अंगावरची गोंदणं वाचूया. वही-पेन असेल तर घ्या.

छोट्या मालगाडीच्या टायरवर बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत असं काही लिहिलेलं असतं : १४५ आर १२ एलटी ८ पीआर. पहिला आकडा १४५, म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 'आर'च्या पुढे जो बारा आहे तो रिमचा व्यास, इंचांत. एलटी म्हणजे हलका मालवाहू. हे अक्षर नसलेला कारचा टायर मापाला बसतो म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. तो माणसं वाहायला केलेला असतो, पोती वाहायला नाही.

मधलं 'आर' म्हणजे रेडियल. जुन्या टायरमध्ये, ज्याला गॅरेजवाले नायलॉन टायर म्हणतात, आतल्या दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदून घातलेले असतात. फ्रान्सच्या त्याच मिशलँ कंपनीनं १९४६ साली वेगळ्या बांधणीचं पेटंट घेतलं. त्यात दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि वर पोलादी पट्टे असतात. रेडियल टायर कमी तापतो, जास्त चालतो आणि इंधन वाचवतो. नायलॉनच्या बाजू जाड असतात, म्हणून दगडधोंड्याच्या वाटेला काही जण अजून तोच पसंत करतात. तुमची गाडी रोज कुठून जाते, ह्यावर ठरवा. पण एकाच आसावर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन असं कधीही करू नका. गाडी एकीकडे ओढते.

'८ पीआर' हे टायर किती बळकट आहे त्याचं माप. जुन्या काळी सुती कापडाचे किती थर हे मोजायचे, तिथून हा शब्द आला. आता थर तेवढेच असतीलच असं नाही, पण माप तेच राहिलं. कंपनीनं आठ सांगितलं असेल तर सहाचा घेऊ नका. त्याच्या जवळ वजनाचा एक वेगळा क्रमांकही असतो. ८० क्रमांक म्हणजे एका टायरवर ४५० किलो, ९० म्हणजे ६०० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. हे वजन मालाचं एकट्याचं नाही. गाडीचं स्वतःचं वजन, चालक आणि माल मिळून चार टायरांवर येणारं. आणि मागच्या टायरांवर जास्त येतं. मोठ्या क्रमांकाचा टायर घातला तरी गाडीचा आस, पाटे आणि ब्रेक तेच राहतात. गाडीच्या कागदावर जेवढं वजन लिहिलंय तेवढंच तिचं.

पुढची खूण वयाची. अनेक टायरांवर एका लंबगोलात चार आकडे असतात. समजा २३२४ असं असेल, तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला. दुकानात पडून राहिलेलं रबरही म्हातारं होतं. नक्षी कोरी दिसते, पण बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. आपण बियाण्याच्या पिशवीवरची तारीख पाहतो, तशी ही पाहायची.

आयएसआयची खूण पाहा. २००९ सालच्या सरकारी आदेशानं टायरला ती सक्तीची झाली.

आता झीज. टायरच्या खाचांमध्ये मधे मधे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की कायद्यानंही चारचाकीला तो टायर चालत नाही. नक्षी शोभेसाठी नसते. पावसात रस्त्यावरचं पाणी त्या खाचांतून बाहेर पडतं. गुळगुळीत गोटा झालेल्या टायरखाली पाणी साचतं, गाडी रस्त्यावर नाही तर पाण्यावर तरंगते, आणि ब्रेक दाबला तरी थांबत नाही. घाटात, पावसात, मालावर दोन बाया बसलेल्या असताना काय होईल, हे आम्ही सांगायला नको. खरं म्हणजे मालगाडीत मालावर कुणी बसायचंच नाही. पण बाजाराच्या दिवशी बसतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

नक्षीचेही प्रकार आहेत. सरळ उभ्या रेघांची नक्षी डांबरी रस्त्याला चांगली, गाडी हलकी वळते. आडव्या ठोकळ्यांची नक्षी चिखलाला चांगली, पण डांबरावर आवाज करते आणि इंधन जास्त खाते. ह्या इंधनाच्या गोष्टीवर आता जगभर विचार चाललाय. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हापासून टायर सहज कसा फिरेल ह्याकडे लक्ष गेलं. १९९२ साली काजळीबरोबर सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो पदार्थ, वापरून कमी इंधन खाणारे टायर बाजारात आले. अमेरिकेत २०२१ साली फोर्ड कंपनीनं मॅव्हरिक नावाची छोटी पिकअप आणली. तिच्या साध्या प्रकारातच इंजिन आणि बॅटरी दोन्ही असतात, तिला हायब्रिड म्हणतात. तिथल्या मालकांपुढंही टायर बदलताना आपल्यासारखाच पेच असतो. ऐटबाज ठोकळ्यांचे टायर घातले तर ज्या बचतीसाठी गाडी घेतली तीच कमी होते. नुसता हलका फिरणारा घेतला तर माल आणि चिखल झेपेल का ते पाहावं लागतं. उद्या आपल्या गटांकडे बॅटरीच्या गाड्या आल्या तरी प्रश्न हाच राहील. गाडी कोणत्या वाटेनं आणि काय घेऊन जाते, ते आधी लिहून काढा. टायर त्यानंतर.

आता मुख्य वाद. नवा की जुना? रिमोल्ड म्हणजे जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवणं. सांगाडा चांगला असेल आणि काम नीट झालं असेल तर मागच्या चाकाला तो चालू शकतो. पुढच्या चाकाला नको, कारण पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. दुसऱ्या गाडीवरून काढलेला जुना टायर मात्र आम्ही घ्या म्हणणार नाही. त्यानं काय सोसलंय ते आतून दिसत नाही.

पैशाचा हिशेब असा करा. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, भाव तुमच्या दुकानात विचारा. समजा नवा टायर ४,००० रुपयांना आला आणि ४०,००० किलोमीटर चालला, तर एका किलोमीटरला १० पैसे. जुना टायर १,५०० रुपयांना आला आणि ८,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला जवळपास १९ पैसे. स्वस्त कोणता झाला? म्हणून टायरची किंमत रुपयांत बोलू नका, किलोमीटरला किती पैसे ते बोला. त्यासाठी टायर बसवला त्या दिवशी मीटरचा आकडा वहीत लिहायचा.

हवा हा सगळ्यात स्वस्त उपाय. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत वाकतात, वाकून तापतात आणि तापून फुटतात. वर उन्हाळा आणि जास्तीचा माल असला तर विचारूच नका. चालकाच्या दाराजवळ किंवा गाडीच्या पुस्तकात किती हवा ते लिहिलेलं असतं. सकाळी, गाडी चालायच्या आधी, टायर थंड असताना तपासा. आणि स्टेपनी विसरू नका. हा स्टेपनी शब्द कुठून आला माहीत आहे? ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात लॅनेली गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादा चाक विकणारी कंपनी निघाली. तिथल्या लोकांनी शब्द सोडून दिला, आपल्या खेड्यापाड्यांत तो अजून रोज बोलला जातो. तुमच्या स्टेपनीत हवा आहे का, हे आजच बघा.

शेवटी एक काम सांगतो. पुढच्या बैठकीला गाडी दारात उभी करायला सांगा. प्रत्येकीनं एकदा वाकून टायर वाचायचा. माप, वजनाचा क्रमांक, तयार झाल्याचा आठवडा आणि खाच किती उरली, हे वहीत लिहायचं. गाडीचा चालक दादा असो की आपल्यातलीच एखादी ताई, तिथं हजर पाहिजे. मग दोन दुकानांतून त्याच मापाचे भाव आणायचे, ते आणायला दोघी जणींनी जायचं, आणि ठराव लिहून सह्या करायच्या. २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली ती बचत गटांच्या बायांनी वाहनं चालवावीत म्हणूनच. गाडीचं नाव आपल्या नावावर असून तिच्या चाकाबद्दल आपल्याला बोलता येत नसेल, तर ती गाडी अर्धीच आपली.

काँगोतल्या कोंडलेल्या बाया, मलायातल्या मळ्यावर पहाटे उठणाऱ्या बाया, उसाच्या फडातल्या आपल्या मैत्रिणी, ह्या सगळ्यांनी टायरचं ओझं वाहिलं. त्या टायरचा निर्णय घ्यायला त्यांना कुणी बोलावलं नाही. आपल्याला बोलावण्याची वाट पाहायची गरज नाही. बैठक आपली आहे, वही आपली आहे.

तुमच्या टायरवर काय काय लिहिलेलं सापडलं, ते केंद्रावर कळवा. काही आकडा कळला नाही तर तोही कळवा, पुढच्या वेळी मिळून वाचू.